कच्च्या मातीची मेरीमाता

नाताळ तीन-चार दिवसांवर आला होता. पेणच्या बाजारात मी वालाच्या शेंगा निवडत होते आणि शेंगवालीशी भावावरून हुज्जत घालत होते, तेवढ्यात रोह्याहून नर्सबाईंचा फोन आला.

“गो, तू एकटी हायस ना? ते बाजूला नायत ना?”

“एकटीच हाय. काय झालं?”

“मूर्ती खाली बसली गो. मेरीमाता. कमरेपर्यंत नुसता चिखल झालाय.”

शेंगवाली भाव उतरवायला तयार झाली होती, पण मी पिशवी तिथेच ठेवून बाजूला झाले. मूर्तीची काळजी नव्हती असं नाही, पण खरी काळजी मूर्ती करणाऱ्याची होती. तो माणूस त्या वेळी घरी ओट्यावर ऊन खात बसला होता आणि कित्येक महिन्यांनी शिट्टीवर कसलंतरी गाणं वाजवत होता.

आमचा पेणमध्ये गणपतींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि तिच्या मागे आमचं राहतं घर. सासऱ्यांपासून शाडूचंच काम. डोळ्यांची आखणी हे स्वतः करायचे. त्या ब्रशला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, मलासुद्धा नाही, आणि मी त्या शेडमध्ये त्यांच्याइतकीच राबले आहे. वर आवाज असा की शेडमध्ये ओरडले तर रस्त्यावरचा माणूस दचकावा. लग्न झाल्यापासून मी तो आवाज ऐकत आले आणि त्याला तितक्याच आवाजात उत्तर देत आले.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर ह्यांना झटका आला. जीव वाचला. चालायला लागले, बोलणंही परत आलं, पण उजवा हात थरथरत राहिला. या हाताने आता आखणी होणार नाही हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि मातीला शिवायचं सोडलं. या वर्षीचा हंगाम कोरडाच गेला. शेडमध्ये कोळ्यांनी जाळी धरली.

आमचा मुलगा कंपनीत आहे, रोह्याला लागून वरसे आहे तिथे राहतो. मुलगा वाईट नाही, व्यवहारी आहे. शेड रिकामी पडलेली बघून त्याने भाडेकरू शोधला, प्लास्टरच्या मूर्ती करणारा. करार अनेक वर्षांचा, सह्या नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात. ह्यांना विचारलं तर म्हणाले, “कर तुला काय करायचं ते.” इतक्या मऊ आवाजात म्हणाले की माझ्या अंगावर काटा आला. त्यांचं ओरडणं मी आयुष्यभर सोसलं, पण हा मऊ आवाज मला सोसवत नव्हता. शेड गेली की हा माणूस ओट्यावर बसल्या बसल्या संपणार, हे मला दिसत होतं. मुलाला ते सांगून पटलं नसतं, आणि मला रडून सांगायची सवय नाही.

आता नर्सबाई यात कुठून आल्या ते सांगते. झटक्यानंतर काही महिने आम्ही वरसेला मुलाकडे होतो. त्याच्या शेजारच्या घरात या राहतात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या, गोल चेहऱ्याच्या, आणि हट्टीपणात ह्यांना भारी. रोज येऊन ह्यांच्या हाताचे व्यायाम घ्यायच्या. रबराचा चेंडू दाबायला दिला तर ह्यांनी तो खिडकीतून फेकला. दुसऱ्या दिवशी बाईंनी समोर परात ठेवली. “मातीला शिवायचं नाय ना? मग पीठ मळा.” हे चिडून मळायला लागले. त्यानंतर आमच्याच काय, मजल्यावरच्या सगळ्या घरांच्या चपात्या ह्यांच्या हातच्या कणकेच्या होऊ लागल्या. एक दिवस परातीच्या काठावर कणकेचा एवढासा उंदीर बसलेला दिसला. कुणी केला हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

पेणला परत निघताना ह्यांनी बाईंना पाकीट पुढे केलं. बाईंनी ते परत त्यांच्या खिशात कोंबलं. “मला काय नको. द्यायचंच असंल तर नाताळात आमच्या चर्चला द्या. सगळीच देतात.” मग कोण काय देतं ते सांगत बसल्या. कुणी तांदूळ देतं, कुणी आदिवासी वाडीसाठी चादरी. नदीपलीकडच्या अष्टमी गावचा एक व्यापारी आहे, मुसलमान, त्याचे मुलगे आखातात असतात. तो दर नाताळाला खजुराचे डबे पाठवतो आणि पोचले का म्हणून फोन करतो.

“आणि तुमच्या नाताळच्या गोठ्यातल्या मूर्ती?” ह्यांनी विचारलं.

“हायत जुन्या. प्लास्टरच्या. जोसेफचं नाक तुटलंय.”

प्लास्टर हा शब्द ऐकून ह्यांच्या भुवया वर गेल्या. मी तेव्हाच ओळखलं की काहीतरी होणार.

दिवाळी झाली आणि एका सकाळी ह्यांनी शाडूचं पोतं सोडलं. मी स्वयंपाकघरातून नुसती बघत राहिले. डाव्या हाताने माती थापायची, उजव्याने जमेल तसं सारखं करायचं. पाडायचं, परत करायचं. मेरीमातेचा साचा आमच्याकडे कुठून असणार? मेरीमाता थेट गौरीसारखी झाली. जोसेफच्या मिशांना पीळ आला, तो मी भांडून काढायला लावला. मेंढ्या आमच्या उंदरांच्या जातीच्या झाल्या, फक्त अंगावर लोकर. गाय मात्र अशी देखणी उतरली की विचारू नका. बाळ झोपलेलं केलं, डोळे मिटलेलं. मी मनात म्हटलं, चला, आखणी टाळायला बरी युक्ती काढली.

पण मेरीमातेचे डोळे त्यांनी काढले. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून, श्वास रोखून. खाली बाळाकडे बघणारे डोळे होते ते. डावा किंचित मोठा झाला होता. मी काही बोलले नाही, त्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं तरीही. डिसेंबर लागताच मुलाच्या गाडीतून मूर्ती रोह्याला पोचवल्या. बाळ वेगळ्या खोक्यात बाईंच्या कपाटात गेलं, कारण ते गव्हाणीत ठेवतात नाताळच्या आदल्या संध्याकाळी. परत आल्यावर ह्यांची शिट्टी सुरू झाली. कराराचं नावही ते काढत नव्हते आणि मी विचारत नव्हते. हे आपणहून नाही म्हणतील, याच आशेवर मी एकेक दिवस ढकलत होते.

आणि आता कमरेपर्यंत चिखल.

घरी येऊन मी खोटं बोलले. नातवाला खोकला झालाय, सुनेची शिफ्ट आहे, दोन दिवस जाऊन येते म्हणाले. पिशवीत शाडू, कोरण्या, रंग आणि ब्रशचा डबा भरला. पावसाळ्यात मूर्ती सुकवायला आम्ही हॅलोजनचा दिवा वापरतो, तोही साडीत गुंडाळून घेतला. हे ओट्यावरून म्हणाले, “एवढी मोठी पिशवी?” मी म्हटलं, “पोहे आहेत.”

चर्च छोटं आहे. एका कोपऱ्यात बांबू आणि पेंढ्याचा गोठा केलेला, आणि त्याच्याभोवती हिरवंगार गवत. नाताळच्या आधी काही दिवस ताटांत नाचणी पेरतात आणि उगवलेली ताटं गोठ्यात मांडतात, म्हणजे मूर्ती कुरणात बसल्यासारख्या दिसतात. नाचणी चार बोटं वर आली होती. बाई तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होत्या. आजवर प्लास्टरच्या मूर्ती होत्या, त्यांना पाण्याने काही झालं नाही. आमची मेरीमाता भाजलेली नव्हती, कच्ची होती. खालून पाणी पीत गेली आणि गुडघ्यांतून विरघळली. निळ्या पदराचा रंग चिखलात उतरला होता. चेहरा तेवढा कोरडा होता आणि ते डोळे अजून खाली बघत होते, पण खाली आता मांडी राहिली नव्हती.

माझा पारा चढला. “बाई, मातीच्या मूर्तीवर पाणी घालतं का कुणी?”

“मला कोण बोललं गो, कच्ची माती हाय म्हणून?”

“त्यात बोलायचं काय? सगळ्या जगाला माहीत हाय!”

“तुमच्या पेणला असंल म्हायत,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला.

तोंडात मारल्यासारखं झालं मला, कारण त्यांचं बरोबर होतं. आम्ही सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं हे सुचलंच नाही आम्हाला. आमची मूर्ती पाण्यातच जायची असते, जितकी लवकर विरघळेल तितकं गिऱ्हाईक खूश. मूर्तीला पाण्यापासून जपा, असं गिऱ्हाइकाला सांगायची वेळ आमच्या घराण्यात कुणावर आली नव्हती. आणि गोठ्यात नाचणी पेरतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

बाईंनी डोळे पुसले. “जुन्या मूर्ती काढू का कपाटातून? त्यांना सांगूया नको. ते काय बघायला येतायत?”

“येणार आहेत,” मी म्हटलं. “नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला यायचंय म्हणून शर्ट इस्त्री करून घेतलाय त्यांनी.”

मग मी पदर खोचला. चेहरा आणि खांदे वाचवायचे, खालचं अंग नव्याने जोडायचं, आणि दिव्याखाली सुकवून रंगवायचं, असा बेत होता. बाकीच्या मूर्ती ताटांपासून लांब होत्या म्हणून वाचल्या होत्या. मी मूर्ती चर्चमागच्या खोलीत नेऊन टेबलावर घेतली, ओली माती काढली, नवी लावली. कोरड्या मातीला ओली माती जोडली तर ती सुकताना ओढते आणि तडकते हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण माझ्या डोक्यात फक्त ते डोळे होते. ते डोळे राहिले तर सगळं राहील, असं धरून बसले होते मी. दिवा लावला, आणि घाई म्हणून आणखी जवळ सरकवला.

दुपारनंतर बारीक आवाज झाला. मानेपाशी रेघ उठली. मी ओल्या बोटाने दाबली, तर ती गालावर गेली. बाई म्हणाल्या, “बंद कर गो.” मी बंद केला नाही. रेघ वर चढत गेली आणि डाव्या डोळ्यातून आरपार निघाली. तो मोठा झालेला डोळा दोन तुकडे होऊन टेबलावर पडला.

मी खुर्चीत बसले. झटक्याच्या वेळी मी रडले नव्हते, तेव्हा धावपळच इतकी होती. आता मात्र हमसून हमसून रडले. वाचवायला म्हणून आले होते, आणि पाण्याने जे सोडलं होतं ते माझ्या हाताने घालवलं.

आणि तेव्हाच दारातून आवाज आला.

“आधी तो हॅलोजन बंद कर.”

हे दारात उभे होते. हातात काठी, अंगात घरातला सदरा. झटक्यानंतर हा माणूस एकटा नाक्यापर्यंत गेला नव्हता. मी निघाल्यावर ते सहज शेडमध्ये गेले, तर दिव्याची खुंटी रिकामी, ब्रशचा डबा नाही. पोह्यांना हॅलोजन लागत नाही एवढं त्यांना कळतं. मुलाला फोन केला तर नातू ठणठणीत. मग रिक्षा करून पेण स्टेशन, तिथून गाडीने रोहा, आणि सरळ चर्च.

हे टेबलापाशी आले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता तो मऊ आवाज येणार, जाऊ दे म्हणणार, आणि मग सगळं जाणारच.

त्यांनी तुटका डोळा उचलून तळहातावर घेतला. “डावा मोठाच झालेला,” म्हणाले. “तुला दिसलेलं ना? मग बोलली का नाय?”

मी पदराने नाक पुसलं.

“बाई, बादली द्या.”

बाईंनी बादली आणली. ह्यांनी अर्धी पाण्याने भरली, मेरीमातेचं जे काही उरलं होतं ते दोन्ही हातांनी उचललं आणि आत सोडलं. मी ओरडले. बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. निळा आणि गुलाबी रंग पापुद्र्यासारखा वर आला आणि माती खाली बसत गेली.

“अशी जोडून राहात नाय ती,” हे म्हणाले. “नवीन करायची. माती तीच हाय.” बाईंच्या चेहऱ्याकडे बघून पुढे म्हणाले, “तुम्ही काय वंगाळ केलंत? आमचं आयुष्य गेलं पाण्यात सोडून. रडतंय कोण?”

रडत मी होते. ते त्यांना दिसत होतं.

पुढचे दिवस वरसेच्या गॅलरीत गेले. रंगाचे पापुद्रे काढून माती गाळली, सुकी शाडू घालून मळली. मळायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही, कणकेचा सराव होता. मी फक्त मूर्तीखालचा फिरकी पाट फिरवायचा आणि गप्प बसायचं, असं ठरलं. गप्प बसणं मला जमलं नाही, पण भांडत भांडत काम झालं. हात थरथरला की ते थांबायचे आणि परत लावायचे. मुलगा कामावरून आला की दारात उभा राहून बघायचा. कराराचं तो बोलला नाही, आणि बोलू नये म्हणून मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मूर्ती उभी होती, पण ओली. पायाशी काळपट ओल दिसत होती. डिसेंबरचं ऊन असून किती असणार? मी हॅलोजनकडे नुसतं बघितलं तर हे गुरगुरले.

“रंग?” बाईंनी विचारलं.

“ओल्या मातीला रंग लावायचा नाय.”

“आणि डोळे?”

“डोळे शेवटी.”

मग ती तशीच न्यायची ठरली. करड्या मातीची, बिनरंगाची, बिनडोळ्यांची. मी ती मांडीवर घेऊन गाडीत बसले. प्रत्येक गतिरोधकाला मुलाला शिव्या दिल्या. गोठ्यात बाईंनी आधीच लाकडी फळी टाकून ठेवली होती.

प्रार्थना लवकर होती, कारण फादरना पुढे आणखी एका गावाला जायचं होतं. आम्ही मागच्या बाकावर बसलो. इस्त्रीचा शर्ट पेणलाच राहिला होता, त्यामुळे ह्यांच्या अंगात मुलाचा, पोटावर ताणलेला. फादरनी बाईंच्या हातातून बाळ घेतलं आणि गव्हाणीत ठेवलं. रंगवलेलं, गुलाबी, झोपलेलं बाळ, आणि त्याच्यावर वाकलेली ती कोरी माती. लोक रांगेने पुढे जाऊन नमस्कार करत होते. मी एकेकाचं तोंड बघत होते. कुणी हसेल, कुणी कुजबुजेल, आणि हे ऐकतील. एक म्हातारी थांबलीच. “हिला डोळे नायत?” तिने मोठ्याने विचारलं. ह्यांचा उजवा हात गुडघ्यावर थरथरायला लागला. मी त्यावर माझा हात ठेवला.

“येणार हायत,” नर्सबाई म्हणाल्या. “ओली हाय अजून.”

म्हातारीने मान हलवली, मूर्तीच्या पायाला हात लावला, बोटाला लागलेली ओल बघितली आणि पुढे गेली.

नंतर अंगणात केक आणि चहा होता. अष्टमीचे खजूर ताटांत फिरत होते. मुलगा हळूच बाजूला आला. इतके दिवस आवरलेलं त्याला आता आवरेना. “बाबा, तो शेडवाला विचारतोय. पहिल्या आठवड्यात कुठला दिवस सांगू?”

माझ्या हातातला केक तसाच राहिला. हे त्याच्याकडे न बघता बाईंना म्हणाले, “गोठा कधीपर्यंत ठेवता?”

“तीन राजांच्या सणापर्यंत. सहा जानेवारी.”

“तवर सुकंल.” मग मुलाकडे वळले. “त्याला सांग, येऊ नको.”

“म्हणजे पुढची तारीख देऊ?”

“पुढची नाय अन् मागची नाय. मला इथं डोळे काढायला यायचंय. मग माघी गणपती हायत. मूर्ती काय तुझ्या गॅलरीत करू? शेड मला लागंल.”

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

“आणि तू,” हे माझ्यावर ओरडले, त्या जुन्या आवाजात, अख्ख्या अंगणाने वळून बघितलं, “परत हॅलोजनला हात लावलास तर बघ!”

मी उलट उत्तर दिलं नाही. मान खाली घालून केक खात राहिले, कारण चारचौघांत रडायला मला आवडत नाही.